पुलापलीकडची भाषा

ओडर ही डोळ्यांत भरावी अशी नदी नव्हे. आपल्या गोदावरी-कृष्णेशी तुलना केली तर ती लहानच. पाणी संथ, किंचित तपकिरी, काठाला वाळुंजाची झाडे. परंतु गेल्या शतकातील युरोपच्या इतिहासात या नदीच्या नावावर जेवढे अश्रू जमा आहेत, तेवढे फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आले असतील. १९४५ साली पोट्सडाम येथे विजेत्या राष्ट्रांनी नकाशा पसरला आणि जर्मनी व पोलंड यांच्यामधली रेघ ओडर व नाइसे या दोन नद्यांवरून ओढली. त्या रेघेने ओडरकाठच्या फ्रँकफर्ट शहराचे दोन तुकडे झाले. (बँका आणि विमानतळ यांमुळे सर्वांच्या परिचयाचे असलेले फ्रँकफर्ट निराळे, ते माईन नदीवर, पश्चिमेला.) पश्चिम तीरावरचे शहर जर्मनीत राहिले. पूर्व तीरावरचे उपनगर पोलंडला मिळाले आणि त्याचे नाव स्वुबित्से झाले. तिथले जर्मन रहिवासी घरेदारे सोडून गेले. त्या घरांत पोलिश कुटुंबे येऊन राहिली. त्यांतली बरीच स्वतःच आपली घरे गमावून पूर्वेकडून आलेली होती.

२०१९ सालच्या मे महिन्यात मी हा पूल पायी ओलांडला. बर्लिनला पुतण्याकडे गेलो होतो. तिथून आगगाडीने हे फ्रँकफर्ट तासाभराच्या अंतरावर. पुतण्याला माझ्या या इच्छेचे नवल वाटले. बर्लिनमध्ये पाहण्यासारखे इतके असताना कुणी या उतरणीला लागलेल्या गावाला कशाला जाईल? पण मला तिथले विद्यापीठ पाहायचे होते.

कारण सांगतो. पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्या काळात किती ‘सामंजस्य करार’ झालेले पाहिले, याची गणती नाही. परदेशी पाहुणे यायचे, शाल-श्रीफळ व्हायचे, दोन प्रतींवर सह्या व्हायच्या, छायाचित्र प्राचार्यांच्या खोलीत लागायचे. पुढे एकही विद्यार्थी तिकडे गेल्याचे किंवा तिकडचा इकडे आल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे दोन देशांतील विद्यापीठांच्या सहकार्याविषयी कुणी उत्साहाने बोलू लागले की माझ्या मनात अश्रद्धा दाटून येते. ओडरकाठी जे घडले त्याविषयी वाचताना मात्र ती अश्रद्धा डळमळली. कारण तिथे सहकार्याच्या आधी होती ती रक्ताची नदी.

विद्यापीठांपुरतेच बोलायचे तरी एक प्रसंग पुरेसा आहे. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी पोलंडमधील क्राकोव येथील यागेलोनियन विद्यापीठाच्या अध्यापकांना एका जर्मन अधिकाऱ्याचे व्याख्यान ऐकण्यासाठी सभागृहात बोलावण्यात आले. व्याख्यान झालेच नाही. जमलेल्या १८३ जणांना अटक करून, प्रथम ब्रेस्लाउच्या तुरुंगात आणि मग बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीत नेण्यात आले. वृद्ध प्राध्यापक त्या हिवाळ्यात तिथे कुडकुडत हजेरीला उभे राहिले. काहींनी तिथेच प्राण सोडले. त्याच विद्यापीठात आदल्या वर्षी पोलिश भाषा व साहित्य शिकण्यासाठी एक तरुण दाखल झाला होता. विद्यापीठ बंद पडल्यावर तो दगडाच्या खाणीत मजुरी करू लागला आणि पुढे गुप्तपणे चालणाऱ्या सेमिनरीत शिकू लागला. त्याचे नाव कारोल वोयतिवा. आपण सारे त्यांना पोप जॉन पॉल दुसरे म्हणून ओळखतो.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. झाक्सेनहाउझेन हे आजच्या ब्रँडेनबर्ग राज्यात येते, आणि ओडरकाठच्या विद्यापीठाची पुनःस्थापना १९९१ साली ज्या राज्याने केली तेही ब्रँडेनबर्गच.

पुनःस्थापना म्हणतो, कारण विद्यापीठ जुनेच. १५०६ साली ब्रँडेनबर्गचा इलेक्टर योआखिम पहिला याने ते स्थापन केले. ओडरच्या लॅटिन नावावरून त्याला व्हियाद्रिना म्हणतात. आपल्या वाचकांना स्वारस्य वाटेल अशी एक गोष्ट : मार्टिन ल्यूथर यांच्या प्रबंधांना उत्तर म्हणून योहान टेट्झेल यांनी १५१८ साली जे प्रतिप्रबंध मांडले ते इथेच, आणि ते रचून दिले होते इथल्याच कॉनराड विम्पिना या ईशज्ञानाच्या प्राध्यापकांनी. काही दशकांतच विद्यापीठ प्रॉटेस्टंट झाले, हा इतिहासाचा विनोद. १८१० साली बर्लिनला नवे विद्यापीठ निघाल्यावर जवळच दुसरे कशाला, असे ठरून १८११ मध्ये व्हियाद्रिनाचा संसार ब्रेस्लाउला हलवण्यात आला आणि तिथल्या येशूसंघीयांनी चालवलेल्या जुन्या विद्यापीठात तो मिसळून गेला. कॅथलिक व प्रॉटेस्टंट ईशज्ञानाच्या दोन्ही शाखा त्या एकाच विद्यापीठात नांदू लागल्या.

पुढे १९४५ मध्ये ब्रेस्लाउ पोलंडला मिळून व्रोत्सवाफ झाले. जर्मन प्राध्यापक गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसले ते ल्वूव शहरातून हुसकले गेलेले पोलिश प्राध्यापक. कारण ल्वूव सोव्हिएत संघाने घेतले होते. (आज ते युक्रेनमध्ये आहे, ल्वीव या नावाने.) १९४१ च्या जुलैत नाझींनी त्याच ल्वूवमधील वीसहून अधिक प्राध्यापकांना गोळ्या घातल्या होत्या. जे वाचले त्यांनी उद्ध्वस्त व्रोत्सवाफमध्ये, फुटलेल्या काचांच्या वर्गांत पुन्हा शिकवायला सुरुवात केली. म्हणजे फ्रँकफर्टचे विद्यापीठ ब्रेस्लाउत गेले आणि ब्रेस्लाउच्या वास्तूत ल्वूवचे आले. नकाशावरची माणसे हलली की त्यांच्यामागे ग्रंथालयेही चालू लागतात.

या स्थलांतराचा एक पदर थेट आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने ज्यांना सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केले होते, त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? त्यांची गावे आता दुसऱ्या देशात होती. कोल्हापूरकडचा माझा एक सहकारी सांगत असे की, त्याची आजी त्या छावणीच्या दाराशी भाजी विकायची आणि म्हातारपणीही लहर लागली की नातवंडांसमोर पोलिश आकडे म्हणून दाखवायची, “येदेन, द्वा, त्शी.” अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने शेजाऱ्याची भाषा चार पैशांसाठी शिकून घेतली. तेव्हा मी हसलो होतो. आता त्या आजींची आठवण मला निराळ्या कारणाने येते. ते कारण पुढे येईलच.

एवढे सारे घडून गेल्यावर समेटाची भाषा करायची कुणी, आणि कोणत्या तोंडाने? ती आधी केली ती पोलंडच्या धर्माध्यक्षांनी. दुसरी व्हॅटिकन परिषद समारोपाला आली होती. १९६६ साली पोलंडच्या ख्रिस्तीकरणाला एक हजार वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून पोलिश बिशपांनी देशोदेशींच्या बिशपांना निमंत्रणपत्रे धाडली. त्यांतले एक पत्र जर्मन बिशपांना होते, तारीख १८ नोव्हेंबर १९६५. त्यात पोलिश बिशपांनी जर्मनांना क्षमा देऊ केली आणि त्याच वाक्यात त्यांच्याकडे क्षमा मागितलीही. युद्धात साठ लाखांच्या आसपास नागरिक गमावलेल्या देशाच्या बिशपांनी, युद्ध लादणाऱ्यांकडे! स्वाक्षऱ्यांमध्ये कार्डिनल विशिन्स्की होते, क्राकोवचे आर्चबिशप वोयतिवाही होते. मसुदा होता बिशप बोलेस्वाव कोमिनेक यांचा. ते सायलेशियाच्या सरहद्दीवरच्या मुलखात वाढलेले, आणि त्या वेळी व्रोत्सवाफचा कारभार पाहणारे. पत्रात संत हेडविगचा उल्लेख आहे. ती जन्माने बव्हेरियाची जर्मन राजकन्या, विवाहाने सायलेशियाची डचेस, आणि तिची कबर व्रोत्सवाफजवळच्या मठात. तिच्यावर दोन्ही देश हक्क सांगतात. बर्लिनचे कॅथेड्रल तिच्याच नावाचे.

पोलंडमध्ये गदारोळ उठला. साम्यवादी सरकारने बिशपांना देशद्रोही ठरवले, कार्डिनल विशिन्स्कींना पारपत्र नाकारले. अनेक श्रद्धावंतही दुखावले. आम्हांला कुणी विचारले, आमच्या वतीने क्षमा मागणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता आणि तो मला अगदीच गैर वाटत नाही. जर्मन बिशपांचे उत्तर ५ डिसेंबरला गेले. ते सौजन्याचे पण सावध होते, नव्या सीमेविषयी त्यात स्पष्ट शब्द नव्हता. पुढे १९६८ मध्ये जर्मनीतील काही कॅथलिक विचारवंतांनी ती सीमा मान्य करावी असे निवेदन काढले. त्यावर सह्या करणाऱ्यांत योसेफ रात्झिंगर नावाचे एक तरुण प्राध्यापकही होते. १९७० साली पश्चिम जर्मनीने वॉर्सा करार केला आणि १९७२ मध्ये पोपमहाशयांनी त्या भागातील धर्मप्रांतांची पोलंडच्या हद्दीप्रमाणे रीतसर आखणी केली.

या पत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. कोमिनेक यांनी ते जर्मन भाषेत लिहिले. छळ करणाऱ्याच्या, हुकूम सोडणाऱ्याच्या भाषेत. क्षमेचा पहिला पूल पोलिश बाजूने बांधला गेला आणि तोही पलीकडच्या भाषेत. पुढची साठ वर्षे या पुलावरची रहदारी, भाषेच्या बाबतीत तरी, बहुतांशी त्याच दिशेची राहिली आहे.

आता १९९१. ८ एप्रिल रोजी पोलिश नागरिकांना व्हिसाविना जर्मनीत प्रवेश मिळू लागला. त्या पहिल्याच दिवशी फ्रँकफर्टच्या पुलाशी अतिउजव्या टोळ्यांनी पोलंडहून आलेल्या बसगाड्यांवर दगडफेक केली. तेव्हा पूर्व जर्मनी विलीन होऊन वर्षही झाले नव्हते. फ्रँकफर्टचा सेमीकंडक्टर कारखाना कोसळत होता, तरुण पोरे बेकार होती. कोसळणाऱ्या घरातली माणसे दाराशी आलेल्यावर खेकसतात, तसे ते होते. तीनच महिन्यांनी, जुलैत, त्याच शहरात १८० वर्षांनी व्हियाद्रिना विद्यापीठ पुन्हा स्थापन झाले. आणि १९९२ च्या हिवाळी सत्रापासून वर्ग भरू लागले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थी पोलिश असावेत असे धोरण ठरले व पाळलेही गेले. पोझनानच्या आदाम मित्स्कियेविच विद्यापीठाशी हातमिळवणी करून पुलाच्या पलीकडे, पोलिश भूमीवर, दोघांची मिळून एक संस्था उभी राहिली. तिचे नाव कोलेजियम पोलोनिकुम. तिची वास्तू १९९८ मध्ये खुली झाली. नदीकाठच्या त्या इमारतीचा कारभार दोन देशांची दोन विद्यापीठे चालवतात. कायद्याच्या संयुक्त अभ्यासक्रमात मुले जर्मन कायदाही शिकतात आणि पोलिशही, आणि पदव्या दोन्हीकडच्या मिळतात.

माझ्यातल्या शिक्षकाला विशेष भावली ती या व्यवस्थेतली रोजची दगदग. दोन देशांच्या सत्रांच्या तारखा जुळत नाहीत. गुणांची पद्धत निराळी. जर्मनीत एक म्हणजे उत्तम, तर पोलंडमध्ये दोन म्हणजे नापास आणि पाच म्हणजे उत्तम. पगार निराळे. पोलंड युरोपीय संघात येण्यापूर्वी तर मुलांना नदीपलीकडच्या वर्गात बसण्यासाठी रोज पारपत्र दाखवावे लागे. हे सारे कुणीतरी टेबलाशी बसून, आकडे जुळवत, पत्रे लिहीत निस्तरले. छायाचित्रे प्राचार्यांच्या खोलीत लावण्याइतके हे सोपे काम नव्हे.

पैशाचीही एक हकिगत सांगण्याजोगी आहे. १९७५ साली पश्चिम जर्मनीने पोलंडला मोठे कर्ज दिले होते. १९९० नंतर त्यातील काही भाग माफ झाला आणि काही भाग पोलंडने जर्मनीला परत न करता पोलिश-जर्मन सहकार्यासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला आपल्या चलनात द्यावा असे ठरले. त्यातून दोन्ही देशांच्या संयुक्त कामांना मदत मिळू लागली. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ या शब्दाचा अर्थ अपराध असा आहे आणि कर्ज असाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपले काही ख्रिस्ती बांधव ‘ऋण’ म्हणतात, आपण ‘अपराध’ म्हणतो. जर्मन माणसाला हा भेद करावाच लागत नाही.

कोलेजियमच्या ग्रंथालयात कार्ल डेडेत्सियस यांचे संग्रहालय आहे. त्यांचा जन्म १९२१ साली पोलंडमधल्या वूच शहरात एका जर्मन कुटुंबात झाला, शाळा पोलिश. युद्धात त्यांना जर्मन सैन्यात जावे लागले, स्टालिनग्राड येथे ते रशियनांच्या हाती सापडले आणि कित्येक वर्षे युद्धकैदी होते. सुटल्यावर विमा कंपनीत नोकरी केली आणि रात्री बसून पोलिश कवितांचे जर्मन भाषांतर केले. जर्मन वाचकांना आधुनिक पोलिश कविता माहीत झाली ती बव्हंशी या एका माणसामुळे. २०१६ मध्ये ते निवर्तले. पुलावरची वाहतूक उलट्या दिशेने करणारी अशी माणसे विरळा. त्यांची हस्तलिखिते पोलंडच्या तीरावर ठेवली आहेत, हे मला अतिशय उचित वाटले.

त्या ग्रंथालयाबाहेरच्या पायऱ्यांवर कायदा शिकणारी एक पोलिश मुलगी भेटली. माझ्या मोडक्या जर्मनला तिने दयेने इंग्रजीत उत्तर दिले. खोली तिने स्वुबित्सेत घेतली होती, भाडे कमी म्हणून. व्याख्याने पलीकडे, फ्रँकफर्टमध्ये. ती म्हणाली, “परीक्षा मी जर्मनमध्ये देते, पापनिवेदन पोलिशमध्ये करते, आणि भाजी घेताना जी भाषा तोंडात येईल ती.” मी विचारले, तुझ्या जर्मन मित्रमैत्रिणींपैकी किती जणांना पोलिश येते? तिने एका हाताची बोटे वर केली, मग विचार करून त्यांतली दोन मिटली.

मला या साऱ्या उद्योगातली खरी उणीव इथेच दिसते. पोलिश विद्यार्थी जर्मन शिकून येतो. जर्मन विद्यार्थ्याला पोलिश शिकण्याची सोय उपलब्ध आहे, पण गरज वाटत नाही. गरज वाटत नाही याचा अर्थ, पलीकडे आपल्याला मिळवण्यासारखे काही आहे असे आतून वाटत नाही. जर्मन मंडळी पूल ओलांडतात ती बऱ्याचदा स्वस्त सिगारेटी, पेट्रोल आणि केस कापून घेणे यांसाठी. आणि आता इंग्रजी आली आहे. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमांमुळे दूरदेशीची मुले येतात, हे चांगलेच. पण दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्याच्या भाषेत बोलायचे ठरवले की दोघेही एका कष्टातून सुटतात, आणि मला वाटते की त्या कष्टातच काहीतरी होते. वळिवड्याच्या त्या भाजीवाल्या आजींना सुटका नव्हती. समोरच्या बाईची पोरे उपाशी होती आणि यांची भाजी विकली जायची होती. तीन आकडे तरी शिकावे लागले.

तरीही मी निराश होऊन परतलो नाही. पुलावर तेव्हा चिटपाखरूही तपासणीला नव्हते. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आला आणि २००७ च्या डिसेंबरात पारपत्रांची तपासणी उठली. तेव्हापासून ही दोन गावे जवळजवळ एक गाव झाली होती. पाच वर्षांनी दोघांना जोडणारी बसही सुरू झाली. स्वुबित्सेत विकिपीडियाचे स्मारक उभे आहे, ते पाहून मला हसू आले. पण न दिसणाऱ्या असंख्य हातांनी मिळून केलेल्या कामाचे स्मारक या गावात असावे, हे ठीकच.

मी परतल्यावर वर्षाच्या आतच महामारी आली. २०२० च्या मार्चमध्ये पोलंडने सीमा बंद केली आणि जूनच्या १३ तारखेपर्यंत ती मोकळी झाली नाही. ज्यांची खोली या तीरावर आणि वर्ग त्या तीरावर, त्यांना नदीकडे पाहत बसण्याखेरीज गत्यंतर नव्हते. सीमेवरच्या लोकांनी एप्रिलमध्ये निदर्शने केली, आम्हांला कामावर जाऊ द्या, घरी जाऊ द्या म्हणून. तीस वर्षांत विणलेले वस्त्र एका आदेशाने कसे मध्येच फाटते ते त्या वेळी दिसले. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात बेकायदा स्थलांतराच्या कारणावरून जर्मनीने पोलंडच्या सीमेवर तपासणी सुरू केली आणि २०२५ च्या जुलैत पोलंडनेही आपल्या बाजूने तेच केले. दरम्यान २०२२ च्या उन्हाळ्यात ओडरमधले मासे लाखोंनी मेले होते. विषारी शेवाळ पाण्याबरोबर दोन्ही देशांतून वाहत गेले. त्याला कुणी कुठे अडवले नाही.

पायऱ्यांवर भेटलेली ती मुलगी आता वकील झाली आहे आणि कामासाठी तिला वरचेवर फ्रँकफर्टला यावे लागते. गेल्या नाताळात तिचे पत्र आले. पुलावर रांग होती, पाऊस होता, आणि तिला उशीर होत होता. तपासणीला उभ्या असलेल्या तरुण जर्मन पोलिसाने तिचे ओळखपत्र हातात घेतले, नाव वाचले आणि पोलिशमध्ये “सुप्रभात” म्हटले. उच्चार साफ चुकला होता. रांग खोळंबलेली असतानाही तिने तो त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.